‘रिस्पॉन्सिबल’ आणि ‘रिस्पॉन्सिव्ह’ : दोन सदृश शब्दांचा भारतीय घटनात्मक राजकारणातील इतिहास (१९१७-१९५०)

प्रस्तावना

इंग्रजी भाषेतील ‘रिस्पॉन्सिबल’ आणि ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे दोन शब्द दिसावयास जुळ्या भावंडांसारखे आहेत. दोहोंचे मूळ ‘रेस्पोन्देरे’ या एकाच लॅटिन क्रियापदात आहे. त्या क्रियापदाचा मूळचा अर्थ वचनाच्या बदल्यात वचन देणे असा असून पुढे तो उत्तर देणे या सामान्य अर्थाने रूढ झाला. असे असले तरी राज्यशास्त्राच्या परिभाषेत या दोन शब्दांमध्ये फार मोठे अंतर आहे. जो उत्तर देण्यास बांधलेला आहे, आणि उत्तर समाधानकारक नसल्यास ज्याला पदावरून दूर करता येते, तो ‘रिस्पॉन्सिबल’. जो समोरच्याची हाक ऐकून तिला अनुरूप असा प्रतिसाद देतो, तो ‘रिस्पॉन्सिव्ह’. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात केवळ वृत्ती आहे. एखादा राजा प्रजेच्या गाऱ्हाण्यांना तत्परतेने दाद देणारा असू शकतो. परंतु तेवढ्याने तो प्रजेला जबाबदार ठरत नाही, कारण त्याने दाद दिली नाही तर प्रजेच्या हाती काहीच उपाय नसतो.

मराठीत या दोन शब्दांची वाट सुरुवातीपासूनच वेगळी झाली. ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट’ला आपण ‘जबाबदार राज्यपद्धती’ म्हटले आणि टिळकांच्या ‘रिस्पॉन्सिव्ह को-ऑपरेशन’ला ‘प्रतियोगी सहकारिता’ म्हटले. त्यामुळे मूळ इंग्रजी शब्दांतील साम्य मराठी वाचकाच्या नजरेस सहसा येत नाही, आणि एका अर्थी हे बरेच झाले. मात्र पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिकांत टिळकांचे धोरण ‘जबाबदार सहकार्य’ या नावाने अवतरलेले पुष्कळदा आढळते. ही चूक केवळ भाषांतराची असती तर ती दुर्लक्षिता आली असती. परंतु १९१७ ते १९५० या कालखंडातील घटनात्मक राजकारणाचा बराचसा भाग या दोन शब्दांच्या मधल्या जागेतच घडला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सरकारने लोकमताची कदर करावी एवढेच मागावयाचे, की लोकांना सरकार बदलता यावे हे मागावयाचे, हा तो प्रश्न होय. सदर लेखात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

२० ऑगस्ट १९१७ ची घोषणा

मोर्ले-मिंटो सुधारणांच्या वेळी, डिसेंबर १९०८ मध्ये, भारतमंत्री मोर्ले यांनी उमरावांच्या सभागृहात स्पष्टपणे सांगितले होते की, या सुधारणांमुळे हिंदुस्थानात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे संसदीय पद्धती येणार असेल तर आपला त्यांच्याशी काहीही संबंध असणार नाही. त्या सुधारणांचा हेतू सरकारच्या कानावर हिंदी लोकमत पडावे एवढाच होता. कायदेमंडळात बिनसरकारी सभासद वाढले, त्यांना अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याची आणि पुरवणी प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण ठराव मंजूर झाला तरी तो शिफारस म्हणूनच राहत असे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर सरकार प्रतिसाद देणारे व्हावे, जबाबदार मात्र होऊ नये, अशी ती योजना होती.

नऊच वर्षांनी ही भूमिका बदलली. मेसोपोटेमिया येथील मोहिमेच्या चौकशी अहवालामुळे ऑस्टेन चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये भारतमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी एडविन मॉन्टेग्यू आले. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी कॉमन्स सभागृहात ती सुप्रसिद्ध घोषणा केली. राज्यकारभाराच्या प्रत्येक शाखेत हिंदी लोकांचा अधिकाधिक सहभाग, स्वयंशासनाच्या संस्थांचा क्रमाक्रमाने विकास, आणि ब्रिटिश साम्राज्याचा अविभाज्य घटक म्हणून हिंदुस्थानात ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट’ची उत्तरोत्तर सिद्धी, असा तिचा आशय होता.

हा शब्द घोषणेत आला कसा, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे. मूळ मसुद्यात ‘सेल्फ-गव्हर्नमेंट’ म्हणजे स्वयंशासन असा शब्द होता. युद्धमंत्रिमंडळातील चर्चेत बाल्फोर यांच्यासारख्यांनी त्यास आक्षेप घेतला. तेव्हा मध्यममार्ग म्हणून लॉर्ड कर्झन यांनी आपल्या हाताने ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट’ हे शब्द घातले. बंगालच्या फाळणीचा कर्ता आणि हिंदी सुशिक्षितांच्या आकांक्षांची अवहेलना करणारा व्हाइसरॉय म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याच लेखणीतून हा शब्द उतरावा, हा इतिहासातील विलक्षण योग म्हटला पाहिजे. कर्झन यांना ‘स्वयंशासन’ हा शब्द धोक्याचा आणि ‘जबाबदार शासन’ हा त्यामानाने निरुपद्रवी वाटला असावा. ‘रिस्पॉन्सिबल’ या शब्दाला इंग्रजी बोलीत भारदस्त, विवेकी, भरवशाचा असाही एक अर्थ आहे. आपणही ‘तो जबाबदार माणूस आहे’ असे त्याच अर्थाने म्हणतो. त्या अर्थाने पाहिले तर जबाबदार शासन म्हणजे सुविहित शासन, यापलीकडे त्यातून काही निघत नाही.

परंतु ब्रिटिश वसाहतींच्या इतिहासात या शब्दाला तोपर्यंत अगदी काटेकोर पारिभाषिक अर्थ प्राप्त झाला होता. कॅनडातील १८३७-३८ च्या बंडानंतर लॉर्ड डरहॅम यांनी १८३९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यातील कळीची सूचनाच ही होती की, गव्हर्नरने आपले सल्लागार विधिमंडळाचा विश्वास असलेल्यांमधून निवडावेत. १८४८ मध्ये प्रथम नोव्हा स्कॉशिया येथे आणि लगोलग कॅनडा प्रांतात हे तत्त्व प्रत्यक्षात आले. त्यानंतर साम्राज्याच्या परिभाषेत ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट’ म्हणजे विधिमंडळाला ज्याला पदच्युत करता येते असे मंत्रिमंडळ, हा अर्थ पक्का झाला. याचा परिणाम असा की, ज्या संसदीय पद्धतीस मोर्ले यांनी ठाम नकार दिला होता, तिचेच वचन कर्झन यांच्या दुरुस्तीने अधिक निःसंदिग्धपणे दिले गेले. ‘स्वयंशासन’ हा शब्द राहिला असता तर सरकारला तो जिल्हा बोर्डे आणि नगरपालिका यांच्यापर्यंत आवळून धरता आला असता.

द्विदल राज्यपद्धती : जबाबदारीचे दोन धनी

जबाबदार असणे या क्रियेला नेहमी एक संप्रदान लागते. कोणाला जबाबदार, हे सांगितल्याविना तो शब्द पुरा होत नाही. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड अहवालाचा (जुलै १९१८) सारा खटाटोप या एका प्रश्नाभोवती आहे. हिंदुस्थान सरकार १९१७ पूर्वीही जबाबदार होतेच. पण ते ब्रिटिश पार्लमेंटला. ती जबाबदारी एकदम हिंदी मतदारांकडे सोपवावयाची नाही, आणि घोषणेतील वचन तर पाळावयाचे, यातून द्विदल राज्यपद्धतीचा जन्म झाला. प्रांतिक कारभाराचे राखीव आणि सोपीव असे दोन भाग पाडण्यात आले. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य, अबकारी ही सोपीव खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. अर्थ, पोलीस, जमीन महसूल ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली आणि त्यांची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच लंडनकडे राहिली. एकाच सचिवालयात एका खात्याचे तोंड कायदेमंडळाकडे आणि दुसऱ्याचे थेम्सकाठी, अशी ही रचना होती. शाळा काढण्याची जबाबदारी मंत्र्याची आणि त्यासाठी लागणारा पैसा मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत, हे तिचे व्यावहारिक रूप झाले.

मध्यवर्ती सरकारात तर एवढीही जबाबदारी आली नाही. नव्या मध्यवर्ती कायदेमंडळातील १४५ पैकी १०४ जागा निवडणुकीच्या होत्या. म्हणजे बहुमत लोकनियुक्तांचे होते, परंतु व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ त्यांना हलविता येत नव्हते. अहवालकर्त्यांची अपेक्षा अशी होती की, विस्तारित कायदेमंडळाचे सरकारवर वजन पडेल आणि सरकार लोकमताची दखल घेत जाईल. प्रांतात अर्धे ‘रिस्पॉन्सिबल’ आणि केंद्रात फक्त ‘रिस्पॉन्सिव्ह’, असे १९१९ च्या कायद्याचे एका वाक्यात वर्णन करता येईल. टिळकांनी ‘केसरी’त या अहवालाची संभावना ‘उजाडले, पण सूर्य कोठे आहे?’ या मथळ्याने केली होती. तिचा रोख याच उणिवेवर होता.

अमृतसर आणि टिळकांचा शब्द

२३ डिसेंबर १९१९ रोजी सुधारणा कायद्यास राजाची संमती मिळाली. त्यासोबतच राजाचा जाहीरनामा निघाला. त्यात राजकीय कैद्यांना माफी देण्यात आली होती आणि नव्या सुधारणा राबविण्यासाठी लोक व अधिकारी यांनी सहकार्य करावे, असे आवाहन होते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडास अजून नऊ महिनेही झाले नव्हते आणि काँग्रेसचे अधिवेशन त्याच अमृतसर शहरी भरत होते. अधिवेशनास जात असता वाटेतच टिळकांना या जाहीरनाम्याचे वृत्त कळले आणि होमरूल लीगच्या वतीने त्यांनी आभाराची तार पाठविली. नुसते सहकार्याचे आश्वासन देणे टिळकांच्या स्वभावात बसणारे नव्हते आणि नुसता नकारही त्यांना योग्य वाटत नव्हता. तेव्हा तारेत त्यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह को-ऑपरेशन’ असा शब्द घातला. हा शब्द त्यांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा यांनी सुचविला, असे सांगितले जाते. ते काहीही असो, त्याचा अर्थ टिळकांनीच निश्चित केला, हे मात्र खरे.

जानेवारी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त गांधीजी व टिळक यांच्यात जो लहानसा पण अत्यंत महत्त्वाचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला, त्यात हा अर्थ उलगडतो. राजकारण हा संसारी लोकांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे, अशी टिळकांची भूमिका होती. अक्रोधाने क्रोध जिंकावा या बुद्धवचनापेक्षा गीतेच्या चौथ्या अध्यायातील ११ व्या श्लोकाचा आधार आपणास अधिक मान्य आहे, असे त्यांनी लिहिले. जो ज्या भावनेने जवळ येईल त्याला तसेच फळ, हा त्या श्लोकाचा मथितार्थ. आपल्या ‘रिस्पॉन्सिव्ह को-ऑपरेशन’ या शब्दाचे मर्म यातच आहे, असेही त्यांनी त्या पत्रात सुचविले आहे. गीतारहस्यकारांनी इंग्रजी राजकीय संज्ञेचा अर्थ गीतेच्या साहाय्याने लावावा, हे त्यांच्या एकंदर विचारपद्धतीस धरूनच झाले.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा बदल घडलेला दिसतो. इंग्रजी व्यवहारात ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे विशेषण सहसा सत्तेला लागते. सरकारने प्रजेच्या इच्छेला प्रतिसाद द्यावा, अशी अपेक्षा असते. टिळकांनी ते प्रजेला लावले. आता प्रतिसाद द्यावयाचा तो प्रजेने, आणि सरकार जसे वागेल त्या प्रमाणात. सरकारने दोन पावले टाकली तर आम्हीही दोन टाकू, त्याने माघार घेतली तर आमचे सहकार्यही आटेल. राज्यकर्ता आणि प्रजा यांना एका पातळीवर आणून उभे करणारा हा अर्थ आहे. ‘प्रतियोगी’ हा मराठी पर्याय त्यास फारच साजेसा होता. प्रतियोगी म्हणजे ज्याच्या अपेक्षेने एखादी गोष्ट ठरते तो दुसरा पक्ष. शिवाय त्या शब्दाला प्रतिस्पर्धी अशीही छटा आहेच. आज हिंदीच्या प्रभावामुळे ‘प्रतियोगिता’ म्हणजे केवळ स्पर्धा असे वाटू लागल्याने ‘प्रतियोगी सहकारिता’ हा शब्दप्रयोग नव्या वाचकाला वदतोव्याघातासारखा भासतो, हे त्या शब्दाचे दुर्दैव होय.

मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालील अमृतसर अधिवेशनात सुधारणांवरील ठरावाचा शब्दन् शब्द लढविला गेला. सुधारणा अपुऱ्या, असमाधानकारक आणि निराशाजनक आहेत, असा चित्तरंजन दास यांचा ठराव होता. ‘निराशाजनक’ हा शब्द गाळावा आणि मॉन्टेग्यू यांचे आभार मानून सहकार्याची ग्वाही द्यावी, असा गांधीजींचा आग्रह होता. अखेरीस जी तडजोड झाली तीत तिन्ही विशेषणे राहिली, आभारही राहिले, आणि पूर्ण ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट’ लवकर स्थापन व्हावे अशा रीतीने लोक शक्य तेथवर या सुधारणा राबवितील, असा विश्वास व्यक्त करण्यात आला. म्हणजे साध्य जबाबदार राज्यपद्धती आणि साधन प्रतियोगी सहकारिता, असा दोन शब्दांचा संबंध १९१९ च्या अखेरीस जुळून आला होता. टिळकांच्या हयातीत तो तसाच राहिला. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, त्यातही सुधारणा राबविण्याचे आणि जबाबदार राज्यपद्धतीसाठी चळवळ करण्याचे, अशी दोन्ही अंगे होती. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले. सप्टेंबरमधील कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसने असहकार स्वीकारला आणि सहकार्याच्या प्रकारांची चर्चा काही काळ थांबली.

प्रतियोगी सहकार पक्ष

असहकार तहकूब झाल्यावर फेरवाले आणि नाफेरवाले यांचा वाद माजला. जानेवारी १९२३ मध्ये दास व मोतीलाल यांनी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलांत शिरावयाचे ते आतून अडवणूक करण्यासाठी, असे त्याचे धोरण होते. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात या पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले. तेथे त्यांनी जो प्रयोग केला तो द्विदल पद्धतीतील जबाबदारीची कसोटी पाहणारा होता. मंत्र्यांचा पगार कायदेमंडळाच्या मंजुरीवर अवलंबून होता. स्वराज्य पक्षाने १९२४ मध्ये तो वर्षाला २ रुपये इतका ठरविला. मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. घटनाशास्त्राच्या दृष्टीने पाहता, हीच तर जबाबदार राज्यपद्धती! विधिमंडळाने मंत्री नाकारले आणि मंत्री गेले. परंतु त्यांच्या जागी विधिमंडळाला मान्य असणारे मंत्री आले नाहीत. गव्हर्नरने सोपीव खातीही आपल्या हाती घेतली. मंत्र्याला घालविण्याचा अधिकार होता, पण त्याची जागा भरून काढण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

या कोंडीतून मध्यप्रांतातच फूट पडली. ऑक्टोबर १९२५ मध्ये त्या कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचे सभासद श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सभासदत्व स्वीकारले. मोतीलालजींचा संताप अनावर झाला. पक्षाचा सडलेला अवयव कापून टाकला पाहिजे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. न. चिं. केळकर, मु. रा. जयकर आणि बा. शि. मुंजे यांनी तांब्यांची पाठराखण केली आणि ते पक्षातून बाहेर पडले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास ‘रिस्पॉन्सिव्ह को-ऑपरेशन’ पक्षाची उभारणी झाली. टिळकांचा तारेतला शब्द आता पक्षाच्या पाटीवर आला. पुणे, नागपूर, वऱ्हाड हा या पक्षाचा मुलूख. म्हणजे जेथे टिळकांचा शब्द प्रमाण मानला जात असे तोच प्रदेश.

तांबे यांच्या कृतीचे मूल्यमापन करताना एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. त्यांनी घेतलेले पद मंत्र्याचे नव्हते, कार्यकारी मंडळाच्या सभासदाचे होते. मंत्री निदान कायद्याने तरी कायदेमंडळाला जबाबदार होता; कार्यकारी सभासद मुळीच नव्हता. जबाबदार राज्यपद्धती जवळ आणण्यासाठी प्रतियोगी सहकारिता, हे टिळकसूत्र मानले तर बेजबाबदार शाखेतील अधिकारपद घेणे त्यात बसविणे कठीण आहे. केळकरांसारख्या व्युत्पन्न लेखकाने आणि जयकरांसारख्या कायदेपंडिताने तांब्यांचा कैवार घेताना हा भेद फारसा मनावर घेतला नाही, असे म्हणावे लागते. दुसरीकडे, मोतीलालजींच्या बाजूनेही सरकारने काय केले असता आपण पदे घेऊ याचे स्पष्ट उत्तर देण्याचे टाळले जात होते, हेही नाकारता येत नाही.

ते उत्तर एकदा दिले गेले, आणि ज्या वाक्यात ते दिले गेले त्यात आपले दोन्ही शब्द एकत्र नांदताना दिसतात. एप्रिल १९२६ मध्ये साबरमती येथे दोन्ही गटांत समेट झाला. सरकारचा ‘रिस्पॉन्स’ समाधानकारक केव्हा मानावा, याची व्याख्या त्यात करण्यात आली. मंत्र्यांना आपले कर्तव्य परिणामकारकपणे बजावण्यास आवश्यक ती सत्ता, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ आणि पुढाकार मिळेल तेव्हा. प्रतिसादाचे माप जबाबदारी हे ठरले. अमृतसरचा धागा येथे पुन्हा हाती लागला होता, असे म्हणता येईल. पण पुरेशी सत्ता आहे की नाही हे कोणी ठरवावयाचे, यावरून अर्थाची ओढाताण सुरू झाली आणि हा समेट काही आठवड्यांतच मोडला. १९२६ च्या निवडणुका दोन्ही पक्षांनी परस्परांविरुद्ध लढविल्या.

हेली यांचा अर्थ

दरम्यान दिल्लीत सरकारनेच ‘रिस्पॉन्सिबल’ या शब्दाची चिरफाड केली होती. ८ फेब्रुवारी १९२४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात गृहसदस्य सर माल्कम हेली यांनी असा युक्तिवाद केला की, १९१७ च्या घोषणेत आणि १९१९ च्या कायद्यात वचन आहे ते जबाबदार राज्यपद्धतीचे. वसाहतींच्या दर्जाच्या पूर्ण स्वराज्याचे नव्हे. मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असले तरी त्या विधिमंडळाचे अधिकार मर्यादित असू शकतात, आणि तेवढ्याने वचन पुरे होते. तर्काच्या दृष्टीने हा युक्तिवाद निर्दोष होता. कर्झन यांनी जो शब्द कदाचित सौम्य समजून घातला, तो वास्तविक फारच प्रखर निघाला. आता सात वर्षांनी त्यातील धार पुन्हा बोथट करण्याचा हा प्रयत्न होता. कायदेमंडळावर त्याचा परिणाम उलटा झाला. दहाच दिवसांनी, गोलमेज परिषद बोलावून पूर्ण जबाबदार शासनाची योजना तयार करावी ही मोतीलाल नेहरूंची सूचना ७६ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाली.

हेली यांनी निर्माण केलेला हा भेद पुढे व्हाइसरॉयलाच पुसावा लागला. ३१ ऑक्टोबर १९२९ च्या निवेदनात लॉर्ड आयर्विन यांनी जाहीर केले की, हिंदुस्थानच्या घटनात्मक प्रगतीची स्वाभाविक परिणती वसाहतीच्या दर्जात आहे, हे १९१७ च्या घोषणेतच अंतर्भूत होते.

१९३५ चा कायदा आणि संस्थाने

१९३५ च्या कायद्याने प्रांतांतील द्विदल पद्धती संपली आणि सर्व खाती मंत्र्यांकडे आली. मात्र त्याच कायद्याने गव्हर्नरला काही ‘स्पेशल रिस्पॉन्सिबिलिटीज’ म्हणजे खास जबाबदाऱ्या दिल्या. शांतताभंग टाळणे, अल्पसंख्याकांचे व सरकारी नोकरांचे हितसंबंध राखणे इत्यादी बाबतींत तो स्वतःच्या निर्णयबुद्धीने वागू शकत असे, आणि त्याबद्दल गव्हर्नर-जनरलकडे व तेथून पार्लमेंटकडे उत्तर देत असे. मंत्र्यांची जबाबदारी मर्यादित करणाऱ्या तरतुदीलाही जबाबदारी हेच नाव देण्यात आले, हा मसुदाकारांचा विनोद म्हणावा की धूर्तपणा, हे ठरविणे अवघड आहे. याच कलमांवरून १९३७ मध्ये निवडणुका जिंकूनही काँग्रेस तीन महिने मंत्रिमंडळाबाहेर राहिली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या जूनमधील निवेदनानंतर जुलै १९३७ मध्ये काँग्रेसने अधिकारग्रहण केले. मुंबईत बाळासाहेब खेर आणि मध्यप्रांतात ना. भा. खरे यांची मंत्रिमंडळे आली.

तेव्हा प्रतियोगी पक्षाच्या जुन्या मंडळींनी, अकरा वर्षांपूर्वी आम्ही जे सांगत होतो तेच आज तुम्ही करीत आहात, असा टोला हाणला तर त्यात नवल नव्हते. त्यात तथ्यही होते, परंतु अर्धेच. १९२५ मध्ये पोलीस, महसूल व अर्थ ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांच्या कक्षेबाहेर होती. १९३७ मध्ये ती त्यांच्याकडे आली. उलट, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९ मध्ये, कोणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तेव्हा सरकार जसे वागेल तसे आपण वागावे, या टिळकांच्या सूत्राचा खरा अवलंब झाला, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

संस्थानी मुलखात हा प्रश्न अधिक उघड्या स्वरूपात आला, कारण तेथे चांगल्या राजाचा युक्तिवाद नेहमीच तयार असे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे प्रजेची आस्थेने विचारपूस करणारे राजे होते. तथापि तेवढ्यावर न थांबता, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना त्यांनी जानेवारी १९३९ मध्ये जाहीर केली आणि आपले अधिकार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपविले. हैदराबाद संस्थानात नेमके उलट घडले. अरवमुद अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली १९३७ मध्ये नेमलेल्या सुधारणा समितीचे काम राज्यातील विविध हितसंबंधांचा कारभाराशी अधिक निकट संबंध कसा जोडता येईल हे पाहण्याचे होते. संस्थानाधिपती स्वतःच प्रजेचा प्रतिनिधी असतो, त्याचे प्रजेशी थेट नाते असते, तेव्हा त्याचे मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असणे गैरलागू आहे, अशी समितीची विचारसरणी होती. जुलै १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांत ८५ सभासदांचे विधिमंडळ होते, धंदेवार प्रतिनिधित्व होते. जबाबदार मंत्रिमंडळ मात्र नव्हते. उलटपक्षी, निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती एवढीच मागणी करणारी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बेकायदा ठरविण्यात आली. त्यानंतरच्या सत्याग्रहात स्वामी रामानंद तीर्थ आदी कार्यकर्ते तुरुंगात गेले. छत्र निजामाचेच राहणार होते. हरकत होती ती एका विशेषणाला. दाद मागणाऱ्या अर्जांना संस्थानात मज्जाव नव्हता. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचा अभ्यास करताना या शब्दाकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिले गेलेले नाही.

घटना समितीत

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या विषयाची जी मांडणी केली ती या साऱ्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. लोकशाही कार्यकारी मंडळाने दोन अटी पुऱ्या करावयास हव्यात, ते स्थिर असावे आणि जबाबदार असावे. दोन्ही गुण सारख्या प्रमाणात साधणारी पद्धती अद्याप कोणाला सापडलेली नाही, असे त्यांनी सांगितले. अमेरिकन व स्विस पद्धतींत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. ब्रिटिश पद्धतीत त्याच्या उलट. मसुद्याने अधिक स्थैर्यापेक्षा अधिक जबाबदारी पसंत केली. जबाबदारीची तपासणी दोन प्रकारे होते, हेही त्यांनी दाखविले. एक ठरावीक मुदतीने, निवडणुकीच्या वेळी मतदारांकडून. दुसरी रोजच्या रोज, प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वासाचा प्रस्ताव, अभिभाषणावरील चर्चा यांच्या द्वारे सभासदांकडून. यांपैकी प्रश्न आणि ठराव ही साधने तर १९०९ च्या कायदेमंडळातही होती. अविश्वासाचा प्रस्ताव नव्हता. तो नसताना विचारलेला प्रश्न आणि तो असताना विचारलेला प्रश्न, यांच्या शब्दांत काही फरक नसतो. उत्तर देणाऱ्याच्या स्थितीत असतो.

प्रतियोगी पक्षाच्या नेत्यांपैकी जयकर डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत होते. उद्दिष्टांचा ठराव मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत पुढे ढकलावा, अशी उपसूचना त्यांनी मांडली. अनुपस्थित पक्षाच्या प्रतिसादाची वाट पाहावी, ही त्यांची भूमिका जुन्या वृत्तीस धरूनच होती. ती मान्य झाली नाही आणि १९४७ च्या प्रारंभी ते समितीतून बाहेर पडले. केळकर ऑक्टोबर १९४७ मध्ये आणि मुंजे मार्च १९४८ मध्ये वारले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदाने केंद्रीय मंत्रिपरिषद सामुदायिकपणे लोकसभेला जबाबदार ठरविली, आणि १६४ व्या अनुच्छेदाने राज्यांच्या मंत्रिपरिषदा विधानसभांना. १९१७ च्या घोषणेत जबाबदारी होती, पण ती कोणाला हे लिहिलेले नव्हते. ते नाव या दोन अनुच्छेदांत लिहिले गेले.